अँड्रॉइड ॲपमध्ये आवाज रेकॉर्ड करणे आणि वाजवणे: हातचं रेकॉर्डिंग जाऊ नये म्हणून

वाजवताना काही बिघडलं तर पुन्हा प्ले दाबता येतं. रेकॉर्ड करताना बिघडलं, तर माणूस जे बोलून गेला ते हातचं गेलं. एखाद्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेणाऱ्याला दर वेळी ‘पुन्हा एकदा म्हणा’ असं सांगता येत नाही. त्यामुळे अशा ॲपचं काम रेकॉर्डिंगपासून सुरू करावं, आणि फोन येणं, बॅटरी संपणं, स्क्रीन बंद होणं हे सगळं पहिल्या दिवसापासून धरून चालावं. इथलं सगळं किमान अँड्रॉइड १० गृहीत धरून लिहिलं आहे.

परवानगी आणि सर्व्हिस

मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणारी फाइल) रेकॉर्ड-ऑडिओची परवानगी लिहिणं पुरेसं नाही. अँड्रॉइड ६ पासून ती ॲप चालू असताना मागावी लागते. ॲप उघडल्या उघडल्या मागू नका. वापरणाऱ्याने माइकचं बटण दाबलं की मागा, म्हणजे कशासाठी हवी ते त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

रेकॉर्डर ॲक्टिव्हिटीत, म्हणजे ॲपच्या स्क्रीनच्या कोडमध्ये, ठेवू नका. फोन आडवा केला की ॲक्टिव्हिटी नव्याने बनते आणि रेकॉर्डर तिच्याबरोबर जातो. शिवाय अँड्रॉइड ९ पासून पार्श्वभूमीत गेलेल्या ॲपला माइक मिळत नाही. रेकॉर्डर फोरग्राउंड सर्व्हिसमध्ये (सूचना दाखवत स्क्रीनशिवायही चालू राहणारा ॲपचा भाग) ठेवा, तिचा प्रकार ‘मायक्रोफोन’ द्या. ॲपचं टार्गेट (ज्या आवृत्तीसाठी ते बनवलं ती) अँड्रॉइड १४ किंवा पुढचं असेल, तर त्या प्रकाराची वेगळी परवानगीही मॅनिफेस्टमध्ये हवी. ॲपची स्क्रीन समोर असतानाच ही सर्व्हिस सुरू करा. अँड्रॉइड ११ पासून, पार्श्वभूमीतून सुरू केलेल्या सर्व्हिसला माइक मिळत नाही.

मीडियारेकॉर्डर: क्रम पाळा

मीडियारेकॉर्डर म्हणजे अँड्रॉइडमधला रेकॉर्डिंगचा तयार क्लास. त्याला आधी ऑडिओ सोर्स द्या, मग आउटपुट फॉरमॅट (फाइलचा प्रकार), त्यानंतर एन्कोडर (आवाज दाबून लहान करणारा), सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), बिटरेट (सेकंदाला किती बिट), चॅनेल आणि आउटपुट फाइल. शेवटी प्रिपेअर आणि स्टार्ट. फॉरमॅटच्या आधी एन्कोडर दिला की ‘इलीगल स्टेट’ एक्सेप्शन येतं.

बोलण्यासाठी एएसी एन्कोडर, ४४,१०० हर्ट्‌झ, मोनो आणि ६४,००० बिटरेट पुरतो. त्या हिशोबाने सेकंदाला ८,००० बाइट, म्हणजे तासाला सुमारे २९ एमबी होतात. तेच न दाबलेल्या १६ बिट मोनो वेव्ह फाइलमध्ये घेतलं तर तासाला सुमारे ३१८ एमबी. रेट आणि बिटरेट स्वतः द्या. डीफॉल्टवर सोडले तर बऱ्याच फोनवर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, आणि दोष मात्र माइकवर ढकलला जातो.

सोर्स म्हणून साधा ‘माइक’ घ्या. ‘व्हॉइस कम्युनिकेशन’ हा कॉलसाठी आहे: त्यात फोन प्रतिध्वनी कापतो आणि आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो. गाणं किंवा ओवी त्यात घेतली तर लांबवलेला सूर मध्येच दबतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फाइलचा प्रकार. एमपी४ म्हणजेच एम४ए फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. बॅटरी संपून फोन मध्येच बंद पडला, तर पन्नास मिनिटांचा आवाज फाइलमध्ये असतो, पण अनुक्रमणिका नसल्यामुळे कोणताही प्लेअर ती उघडत नाही. यावर उपाय म्हणजे आउटपुट फॉरमॅट ‘एएसी एडीटीएस’ ठेवणं. यात प्रत्येक फ्रेमला स्वतःचा छोटा हेडर असतो, त्यामुळे फाइल कुठेही तुटली तरी तिथपर्यंतचा आवाज वाजतो. तोटा एकच: अनुक्रमणिका नसल्याने मधल्या जागी उडी मारणं आणि एकूण वेळ दाखवणं अचूक राहत नाही. रेकॉर्डिंग नीट संपल्यावर अँड्रॉइडमधल्याच मीडियाएक्स्ट्रॅक्टरने फ्रेम वाचा आणि मीडियामक्सरने एम४एमध्ये बांधा. पुन्हा एन्कोड करावं लागत नाही, म्हणून गुणवत्ता तशीच राहते.

फाइल ॲपच्या फाइल्स-फोल्डरमध्ये लिहा. कॅशे-फोल्डर नको, कारण जागा कमी पडली की सिस्टिम ते रिकामं करते. चालू फाइलच्या नावाला ‘.पार्ट’सारखं शेपूट ठेवा आणि स्टॉप झाल्यावर ते काढा. ॲप पुढच्या वेळी उघडताना अशी फाइल सापडली, तर ‘अपुरं राहिलेलं रेकॉर्डिंग मिळालं’ असं वापरणाऱ्याला दाखवा. परस्पर पुसू नका.

स्टार्टनंतर लगेच स्टॉप केलं आणि तोवर काहीच आवाज लिहिला गेला नसेल, तर स्टॉप रनटाइम एक्सेप्शन फेकतं. ते पकडा, रिकामी फाइल पुसा आणि रिलीज कराच. रिलीज राहून गेलं तर माइक अडकून बसतो.

शांतता पकडा

अँड्रॉइड १० पासून कॉल सुरू झाला की तुमच्या ॲपला एरर येत नाही, नुसती शांतता मिळते. अँड्रॉइड १२ पासून क्विक सेटिंगमधून माइक बंद केला तरी तेच होतं. टाइमर पळत राहतो आणि फाइलमध्ये काही नसतं. वापरणाऱ्याचा यात सर्वांत मोठा घात होतो, म्हणून त्याच्यावर दोन बाजूंनी पहारा ठेवा.

पहिला पहारा: ऑडिओ रेकॉर्डिंग कॉलबॅक (रेकॉर्डिंगची स्थिती बदलली की सिस्टिम बोलावते तो कोड) नोंदवा आणि ‘क्लायंट सायलेन्स्ड’ खरं झालं की स्क्रीनवर लाल पट्टी दाखवा, फोन थरथरवा.

दुसरा: दर १०० मिलिसेकंदांनी मॅक्स-अँप्लिट्यूड (मागच्या वाचनानंतरची सर्वांत मोठी पातळी) वाचा. आकडा ० ते ३२,७६७ मध्ये येतो आणि पहिल्यांदा वाचताना नेहमी ० मिळतो, तो सोडून द्या. खऱ्या खोलीत पंखा, रस्ता, श्वास काहीतरी असतंच, त्यामुळे सलग दोन सेकंद शून्य म्हणजे माइक बंद समजा. उलट आकडा वारंवार ३२,७६७ ला टेकत असेल तर आवाज फाटतो आहे. ‘फोन थोडा लांब धरा’ असं सांगा. पातळीची पट्टी दाखवताना आकडा थेट वापरू नका, त्याचे डेसिबल करा: २० गुणिले लॉग-१० (आकडा भागिले ३२,७६७). नाहीतर हळू बोलताना पट्टी हलतच नाही. एम्युलेटरवर माइक मुळात बंद असतो, तिथे शून्य दिसलं म्हणून कोड उकरत बसू नका.

वाजवणं

इथे मीडिया३ या गूगलच्या लायब्ररीमधला एक्सोप्लेअर घ्या. ऑडिओ ॲट्रिब्यूट्समध्ये वापर (यूसेज) ‘मीडिया’ आणि मजकूर (कंटेंट टाइप) ‘स्पीच’ द्या, आणि ऑडिओ फोकस (एका वेळी कोणत्या ॲपने वाजायचं ते) सांभाळण्याचं काम प्लेअरकडेच सोपवा. दुसऱ्या ॲपची सूचना वाजली की संगीत नुसतं हळू होतं, पण ‘स्पीच’ सांगितलं असेल तर प्लेअर थांबतो आणि नंतर पुढे चालू होतो. बोलणं हळू झालं तर शब्द हुकतात, म्हणून थांबणंच बरं. ‘बिकमिंग नॉइझी’ (आवाज स्पीकरवर जाणार, अशी सिस्टिमची सूचना) हाताळणीही चालू करा, नाहीतर हेडफोन निघाला की खासगी मुलाखत बसमध्ये मोठ्याने वाजते.

आवाज कानाच्या छोट्या स्पीकरमधून येतो अशी तक्रार आली, तर दोन जागा तपासा. वापर ‘व्हॉइस कम्युनिकेशन’ दिला आहे का, आणि ऑडिओमॅनेजरचा मोड ‘इन कम्युनिकेशन’वर राहिला आहे का. दुसरं कारण जास्त सापडतं: ब्लूटूथ माइकसाठी मोड बदलला जातो आणि रेकॉर्डिंग संपल्यावर ‘नॉर्मल’वर आणायचं राहतं. मुळात ब्लूटूथ माइक शक्यतो टाळा. क्लासिक ब्लूटूथच्या हेडसेट जोडणीत आवाज सहसा ८ किंवा १६ किलोहर्ट्‌झवर येतो, फोनचा स्वतःचा माइक त्याहून चांगला असतो.

प्लेअरला एकाच थ्रेडवरून हात लावा, सहसा मुख्य थ्रेडवरून. सीकबारसाठी दर २०० ते ५०० मिलिसेकंदांनी जागा विचारली की पुरते.

तपासणी

खऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून कॉल करा आणि उचला. मग स्क्रीन बंद करून दहा मिनिटं ठेवा, माइकचं टॉगल बंद-चालू करा, स्टोरेज भरत आणा. शेवटी पॉवर बटण दाबून धरून फोन जबरदस्तीने रीस्टार्ट करा. तो चालू झाल्यावर अपुरी फाइल ॲपमध्ये दिसली पाहिजे, आणि वाजलीही पाहिजे.