शेडमधली बग्गी आणि 17 मिलिमीटरचा फरक

मारुती 800 चं इंजिन मागे बसवायचं, पाइपची चौकट स्वतः वेल्ड करायची आणि रानात पळेल अशी बग्गी उभी करायची, हे वेड ज्यांच्या डोक्यात शिरलंय त्यांच्यासाठी लिहितोय. वेल्डिंगचा रॉड पेटवता येतो, ग्राइंडर धरता येतो, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावता येतो असं धरून चालतो. कोल्हापूरजवळच्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये माझी पहिली चौकट सात महिन्यांत उभी राहिली आणि त्यातले तेरा जोड मला पुन्हा कापावे लागले.

माझं झालं असं. फरशीवर खडूने आखणी केली, पाइप कापले, प्रत्येक कोपरा गुण्यात घेतला आणि डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यापासून एकेक जोड चारही बाजूंनी पूर्ण भरत गेलो. एक संपला की पुढचा. रोज काम पुढे सरकताना दिसायचं, त्याचं समाधान वाटायचं. पंधरा दिवसांनी मागचा आडवा पाइप जागेवर बसेना. मी शिकंजा लावून तो ओढून बसवला आणि वेल्ड करून टाकला. हे तर त्याहून वाईट. ओढून बसवलेला पाइप ताण पोटात धरून बसतो आणि पुढे कधीतरी खड्ड्यात गाडी आदळली की वेल्डच्या कडेला तडा देतो.

चाकं लागल्यावर गाडी सतत डावीकडे जायला लागली. मी स्टिअरिंग उघडलं, टायर बदलले, बुश बदलले. दोन महिने त्यात गेले. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींना घरी घेऊन आलो. त्यांनी कशालाच हात लावला नाही. म्हणाले, "बाळ, दोरी आण." खालच्या चौकटीचा एक कर्ण मोजला, मग दुसरा. चौकट काटकोनात असेल तर दोन्ही सारखे भरायला हवेत. फरक 17 मिलिमीटर. ते गप्प बसून राहिले आणि मला रडू आलं.

हे का होतं ते नीट समजून घ्या. एक मीटर लोखंड शंभर अंशांनी तापलं की साधारण 1.2 मिलिमीटर वाढतं. वेल्डची जागा तर वितळेपर्यंत तापते, पण आजूबाजूचा पाइप गार असतो, तो तिला पसरू देत नाही. मग ती जागा आतल्या आत दबून जाड होते. गार होताना मात्र आकसायला तिला कुणी पूर्ण अडवू शकत नाही आणि ती पाइपाला स्वतःकडे ओढते. ज्या बाजूला आधी वेल्ड मारला, त्या बाजूला कोपरा मिटतो. एका जोडात हा फरक अर्ध्या मिलिमीटरचा असेल, गुण्याला दिसणारही नाही. मी मात्र सगळे जोड एकाच दिशेने, एकाच क्रमाने भरले, म्हणून सगळ्या चुका एकाच बाजूला साठत गेल्या.

म्हणून अख्खी चौकट आधी नुसत्या टॅकवर, म्हणजे पाइप जागेवर धरण्यापुरत्या वेल्डच्या ठिपक्यांवर, उभी करा. प्रत्येक जोडाला चार टॅक, समोरासमोर. खाली फरशी नको, फरशी कधीच सपाट नसते. दोन जड लोखंडी चॅनल लेव्हलला घेऊन त्यांवर चौकट आवळा. दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहा. मग पुढे डावीकडे एक इंच वेल्ड, त्यानंतर मागे उजवीकडे एक इंच, असं तिरकं फिरत राहा. हात लावता येईल इतका जोड गार होईपर्यंत तिथे परत येऊ नका, आणि घाईने पाणी तर अजिबात ओतू नका. चार-पाच जोड झाले की पुन्हा कर्ण. फरक दिसला तर त्याच्या उलट बाजूला आधी वेल्ड घ्या, चौकट परत येते. पाइपची तोंडं कानशीने घासून फट राहणार नाही अशी बसवा. फट मोठी असली की ती भरायला माल जास्त लागतो, आणि माल जास्त म्हणजे ओढ जास्त. सस्पेन्शनचे ब्रॅकेट सगळ्यात शेवटी, तेही दोन्ही भोकांतून एकच सरळ सळई आरपार घालून.

तुमची चौकट आधीच तिरकी झाली असेल तर घाबरू नका. लोखंड माफ करतं. चुकीचा जोड पातळ चकतीने कापा, तोंड साफ करा, पुन्हा टॅक घ्या. माझी आजची गाडी त्याच पाइपांची आहे.

पाइप घेताना "एक इंची द्या" म्हणू नका. पाण्याच्या पाइपच्या भाषेत एक इंची म्हणजे बाहेरून 33.7 मिलिमीटर. बाहेरचा व्यास आणि जाडी दोन्ही मिलिमीटरमध्ये सांगा. कॉलेजच्या पोरांच्या बाहा (BAJA) नावाच्या बग्गी बनवायच्या स्पर्धेत चालकाभोवतीच्या मुख्य पिंजऱ्याला 25.4 व्यास आणि 3 मिलिमीटर जाडीची नळी धरतात, ते माप डोळे झाकून उचलू नका. त्या गाड्यांना 10 अश्वशक्तीचं छोटं इंजिन असतं, 800 चं इंजिन सदतीसच्या आसपास देतं आणि वजनालाही भारी. मी 38 मिलिमीटर व्यासाची नळी घेतली. जीआय पाइप स्वस्तात मिळाला तरी नको. त्याच्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, त्याने मी एक रात्र थंडी वाजून तापाने काढली आहे. डोळ्यांत आर्क लागला, म्हणजे वेल्डच्या झगझगाटाने डोळे चुरचुरायला लागले, तर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टर गाठा.

इंजिनासोबत पुढच्या चाकांचे हबही तुम्ही मागे नेणार, म्हणजे त्यांचे टाय रॉडचे (स्टिअरिंगवरून चाक वळवणाऱ्या दांड्यांचे) हात मोकळे राहणार. ते चौकटीला पक्के अडकवा. नाहीतर मागची चाकं आपापली वळतील आणि वेगात गाडी उलटेल.

गाडी रस्त्यावर न्यायचा विचारही करू नका. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप केली, आनंद महिंद्रांनी 2022 मध्ये ती घेऊन त्यांना बोलेरो दिली, तरी अशी गाडी नियमात बसत नाही हे महिंद्रांनीही सांगितलं होतं. स्वतःचं रान, पट्टा, हेल्मेट, एवढ्यातच ती चालवायची.

व्हिडिओ बघून शिकण्याला माझा विरोध नाही, पण व्हिडिओत जोड गार होतानाचा वेळ कापलेला असतो आणि खरं शिकायचं तेवढ्याच वेळात असतं. त्यापेक्षा एखाद्या मिस्त्रींकडे महिनाभर रविवारी जा, झाडू मारायला लावला तर मारा. पाइपचे उरलेले तुकडे घेऊन वीस जोड करा, शिकंज्यात धरून घणाने तोडा आणि तुटलेली कड मिस्त्रींना दाखवा. माझा अकरावा जोड पहिल्यांदा वेल्डमध्ये न तुटता पाइपात फाटला, म्हणजे वेल्ड पाइपाहून भक्कम झाला. त्यांनी तो हातात घेऊन बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता चौकटीला हात लाव."