सरावाचे चित्रपुस्तक करताय? या चुका टाळा

सरावाच्या पुस्तकातून नेमका सरावच गाळायचा, ही सगळ्यांची लाडकी चूक. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट (गोव्यातले मातीच्या मडक्याचे तालवाद्य) शिकणाऱ्या मुलाच्या एका पुस्तकाचे असेच झाले. पहिल्या चार जोडपानांत (समोरासमोरची दोन पाने म्हणजे एक जोडपान) माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची सजावट), पाहुणे आणि आजोबांचे घुमट. मग मुलगा रुसतो, आजोबा उपदेश करतात. पुढे ‘त्याने रोज सराव केला’ हे एकच वाक्य, आणि पान उलटले की स्वारी आरतीत शामेळवाल्याच्या (शामेळ म्हणजे घुमटाच्या साथीचा ढोल) शेजारी! छपाईला देण्याआधी मुलांना वाचून दाखवले, तेव्हा एकाने विचारले, ‘पण त्याला जमलं कसं?’ उत्तर पुस्तकात नव्हतेच. रंगवून झालेली निम्मी चित्रे बाद झाली.

24 पानी पुस्तकात पहिले आणि शेवटचे एकेरी पान सोडले की 11 जोडपाने उरतात. त्यातली निदान सहा सरावाला द्या आणि प्रत्येकावर वेगळा बिघाड दाखवा. आधी मुलगा अख्खा तळवा आपटतो, आवाज दबतो. मग बोटे नीट पडतात, पण डावा हात घुमटाच्या लहान, उघड्या तोंडावर गच्च बसलेला, त्यामुळे नाद घुमत नाही. डाव्या हाताची उघडझाप जमते, तर उजव्याची लय सुटते. सगळे जुळते त्या दिवशी पावसाळी हवेने चामडे सैल पडते आणि घुमट शेकावे लागते. यात मुलाचा काहीच दोष नाही. असाही एक प्रसंग हवाच. नुसते ‘पुन्हा चुकले’ तीनदा लिहिणे म्हणजे कागद फुकट घालवणे.

आजोबांचा उपदेश काढून टाका. त्यांनी फक्त मुलाचे मनगट धरून दाखवावे.

चित्रकारांची घाई हा दुसरा ताप. घुमट दोन्हीकडून मढवलेले काढतात. मढवतात फक्त मोठे तोंड. लहान तोंड उघडे असते, आणि डाव्या हाताची सगळी करामत तिथेच. मोबाइलवरच्या एका फोटोवरून हे कळत नाही. वाजवणाऱ्यासमोर बसा, नुसत्या हातांची दहा-बारा रेखाटने करा, मग चेहऱ्याकडे वळा. ‘जुने वाटावे’ म्हणून घोरपडीचे कातडे रंगवू नका. त्यावर कायद्याने बंदी आहे आणि आज बकऱ्याचे कातडे वापरतात.

डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, न करता रंगवायला बसू नका. सहा ए-फोर कागद मधोमध दुमडले की 24 पाने होतात. इतक्या स्वस्त गोष्टीचा आळस कशाला? फजिती पान उलटायच्या आधी येते की नंतर, हे डमीतच कळते.

चित्रात दिसते ते मजकुरात परत लिहू नका.

छपाईत चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड (कापणीत जाणारा चित्राचा जादा भाग) सोडा. मजकूर आणि चेहरे कडेपासून आणि मधल्या घडीपासून किमान 10 मिमी आत ठेवा, नाहीतर मुलाचे नाक घडीत जाते. स्क्रीनवरचा भातशेतीचा झगझगीत हिरवा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) मळकट उतरतो, म्हणून एक रंगीत प्रूफ (नमुना छपाई) मागाच. अक्षर 18 ते 20 पॉइंट, ओळींत मोकळी जागा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर चढत नाही. फाइल देताना मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचे रेखाकृतींत रूपांतर करून) द्या, आणि जोडाक्षरे फुटली नाहीत ना, हे प्रिंटवर बघा.