इसब किती जोरात आहे, ते मोजायचं कसं

केसपेपरवर नुसतं ‘इसब, थोडा फरक’ लिहिलं, तर पुढच्या खेपेला औषध वाढवायचं की उतरवायचं ते कळत नाही. त्यासाठी ईझी (EASI) स्कोअर, म्हणजे इसबाचा पसारा आणि जोर मोजणारे गुण काढावेत. नायटा नाही ना, हे मात्र आधी पाहा.

डोकं-मान, हात, धड आणि पाय असे चार भाग धरा. कुल्ले पायांत मोजा. प्रत्येक भागात लाली, सूज, ओरखडे आणि खाजवून राठ झालेली कातडी यांना ० ते ३ गुण द्या. सगळ्यात वाईट चट्ट्याचे नव्हे, त्या भागाच्या सरासरीचे. सावळ्या अंगावर लाली जांभळट किंवा राखाडी दिसते आणि हमखास कमी धरली जाते. केळीच्या चिकाचे काळे डाग असतील, तर हात धुवायला लावून उजेडात बघा. नुसता कोरडेपणा आणि बऱ्या झालेल्या चट्ट्याचा काळपटपणा मोजायचा नाही.

सर्वांत जास्त चुका क्षेत्रफळात, म्हणजे इसबाने किती जागा व्यापली ते मोजण्यात होतात. रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, अंगाचा साधारण १ टक्का. पण इथे टक्के त्या भागाचे हवेत: एक पंजा म्हणजे डोक्या-मानेचे १०, हातांचे ५, धडाचे सव्वातीन आणि पायांचे अडीच टक्के. १ ते ९ टक्क्यांना १ गुण, २९ पर्यंत २, ४९ पर्यंत ३, ६९ पर्यंत ४, ८९ पर्यंत ५, पुढे ६.

आता लक्षणांची बेरीज गुणिले क्षेत्राचे गुण गुणिले भागाचा वाटा. वाटे याच क्रमाने ०.१, ०.२, ०.३, ०.४, आठ वर्षांखालच्या मुलांत डोक्याला ०.२ आणि पायांना ०.३. समजा, मोठ्या माणसाच्या हातांवर बेरीज ७ आणि तीन पंजे (१५ टक्के): ७ × २ × ०.२ = २.८. पायांवर ८ आणि चौदा पंजे (३५ टक्के): ८ × ३ × ०.४ = ९.६. बाकी अंग स्वच्छ, म्हणून एकूण १२.४. कमाल ७२, ७ पर्यंत सौम्य, २१ पर्यंत मध्यम, ५० पर्यंत तीव्र, त्यापुढे अतितीव्र.

ईझीत खाज आणि झोपमोड मोजली जात नाही. ती ‘पोएम’ (POEM) या रुग्णालाच विचारायच्या प्रश्नावलीच्या सात प्रश्नांनी विचारा: गेल्या आठवड्यात खाज, झोपमोड, रक्त, पाणी सुटणं, भेगा, पापुद्रे, कोरडेपणा किती दिवस? एकही नाही ०, १-२ दिवस १, ३-४ दिवस २, ५-६ दिवस ३, रोज ४. ‘आठवडा’ म्हटल्यावर उत्तर गोलमाल येतं. ‘मागच्या बाजारापासून या बाजारापर्यंत’ विचारलं की गावाकडची माणसं दिवस नीट मोजतात. २८ पैकी १७ किंवा जास्त आले, तर ईझी कमी असला तरी त्रास तीव्रच धरा.