सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही: इंधनातील दोष कसा शोधावा

सेल्फ मारल्यावर इंजिन जोमाने फिरते, पण सुरू होत नाही, अशा वेळी आपण चावी पुन्हा पुन्हा फिरवत राहतो, दहा मिनिटांत बॅटरी उतरते आणि एका दोषाचे दोन दोष होतात. दोन प्रयत्नांनंतर थांबावे. इंजिन रखडत फिरत असेल तर आधी बॅटरी तपासावी. इमोबिलायझरचा (चोरी रोखण्यासाठी चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर गाडीने चावीच ओळखलेली नाही. हे दोन्ही ठीक असेल, तरच पेट्रोल गाडीच्या इंधनाकडे वळावे.

पहिली तपासणी कानाने करायची असते. पंखा आणि रेडिओ बंद करून एकाने मागच्या सीटजवळ कान न्यावा आणि दुसऱ्याने चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवावी. बहुतेक गाड्यांत फ्युएल पंप टाकीच्या आतच असतो. दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येऊन ती आपोआप थांबली, तर पंप फिरतो आहे एवढे निश्चित होते. पाइपात पुरेसा दाब येतो की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही.

आवाज आलाच नाही, तर पंप बदलायला सांगण्यापूर्वी फ्यूज आणि रिले (पंपाला वीज देणारा विजेवर चालणारा स्विच) पाहावेत, कारण फ्यूज किरकोळ किमतीत मिळतो आणि पंपाचा खर्च हजारांत जातो. हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असेल, तर दोन्हींची अदलाबदल करून पाहावी. तरीही शांतता असेल, तर पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे उपकरण) लावून चावी ऑन करावी: त्या दोन-तीन सेकंदांत सुमारे 12 व्होल्ट दिसले आणि अर्थिंगही ठीक असले, तर पंपच गेला असे समजावे.

सीएनजी गाड्यांत ही शक्यता विशेष ध्यानात ठेवावी. अशा बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, म्हणून कित्येक जण टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवतात. पण पंपाची मोटर थंड राहते ती पेट्रोलमुळेच, आणि टाकी वारंवार कोरडी पडली की पंप तापून निकामी होतो. टाकी किमान पाव भरलेली असावी, असा माझा आग्रह आहे.

पंपाचा आवाज येत असेल, तर पाच-सात सेकंद सेल्फ मारून लगेच एक स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) काढावा. टोक ओले असून पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन पोहोचते आहे आणि दोष ठिणगीत शोधावा. टोक कोरडे असेल, तर फिल्टर तुंबला आहे, दाब कमी आहे किंवा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) उघडत नाहीत. दाब गेजनेच मोजावा. साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत तो साधारण 3 ते 4 बार असतो आणि नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. गाडी बंद असली तरी पाइपात दाब शिल्लक असतो आणि सोडवलेल्या जोडातून पेट्रोल थेट डोळ्यांत उडू शकते, म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून थोडा सेल्फ मारावा आणि मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. जीडीआय (थेट सिलिंडरच्या आत पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत दाब कैक पटींनी जास्त असतो. त्यांना घरी हात लावूच नये.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी अडली, तर पाण्याचा संशय घ्यावा. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये पाणी प्रमाणाबाहेर मिसळले की इथेनॉल त्या पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. टाकीतला नमुना काचेच्या बाटलीत अर्धा तास स्थिर ठेवल्यावर खाली वेगळा थर दिसला, तर सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे आणि टाकी रिकामी करून, स्वच्छ करून, फिल्टर बदलल्यावरच गाडी सुरू करावी.