आवाज चढला की काय करायचं

मी काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या व्हिडिओ गेमच्या संघाला कोचिंग देतो, म्हणून उदाहरणं तिथलीच. सामन्यात आवाज चढणारच, तो बंद करायच्या फंदात पडू नका. राग कधी काढायचा तेवढं आधी ठरवून घ्या.

समोरच्या संघाने बॉम्ब लावला की तो फुटेपर्यंत हातात 40 सेकंद. तो डिफ्यूज म्हणजे निकामी करायला किट असेल तर 5, नसेल तर 10. एकटा उरलेल्याला तेव्हा पावलांचा आवाज ऐकू यायला हवा. त्या राउंडमध्ये मेलेल्या साथीदारांनी ‘एक रॅम्पवर, हेल्थ कमी’ एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. ‘अरे, फ्लॅश (शत्रूचे डोळे दिपवणारा ग्रेनेड) का नाही टाकलास?’ हे तेव्हा अजिबात नाही. (माइक म्यूट करायला लावू नका, पुढच्या राउंडला चालू करायचा राहून जातो.)

राउंड संपल्यावर ओरडायचंच असेल तर पुढचं बोला: ‘या वेळी मी आत शिरायच्या आधी फ्लॅश टाक.’ तक्रार तीच, पण समोरच्याला करण्यासारखं काहीतरी मिळतं. टोमणा खाल्लेला खेळाडू तोंड मिटून घेतो, शत्रू दिसला तरी सांगत नाही. मला आरडाओरड्यापेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटते.

टाइमआउटमध्ये एकानेच बोलायचं. उरलेलं भांडण डेमो म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग बघताना खुशाल करा, तिथे पॉज दाबता येतो.