पोरांना बाहेर खेळायला काढायचंय? आधी एक दोस्त शोधा

"जा की बाहेर खेळायला" म्हटलं की आमचा पोरगा दारापर्यंत जाऊन परत यायचा, कारण बाहेर कोणच नसायचं. नुसता मोबाईल काढून घेऊन काय उपयोग नाही, हे मला कळायला सहा महिने लागले.

तर पहिलं काम म्हणजे गल्लीतली दोन-तीन पोरं गाठायची, त्यांच्या आयांशी बोलून एकच वेळ धरायची. आमची साडेपाच ते साडेसहा. पाच वर्षांवरच्या पोरांची रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल व्हायला पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याच तासाला ट्यूशन ठेवू नका, सगळं तिथंच बिघडतं बघा. उजेड असताना पाठवा, दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या पोरांना लांबचा चष्मा लागायचं प्रमाण कमी असतं.

जागा? बेळगावात टिळकवाडीत असाल तर व्हॅक्सीन डेपोचं मैदान, खेड्यात देवळासमोरचं पटांगण, नाहीतर भात कापल्यावर मालक मसूर पेरेपर्यंतचं शेत (विचारून!). गाड्या येत नसल्या की झालं.

पहिल्या दिवशी लगोरी लावा. शहाबादी फरशीचे सात चपटे तुकडे घ्या, कडा दगडावर घासून बोथट करा, आणि एक टेनिस बॉल. एका गटानं बॉल मारून फोडायची आणि अंगाला बॉल बसायच्या आत परत रचायची, एवढंच. कन्नड पोरं पण लगोरीच म्हणतात, त्यामुळे शेजारचं कोण अडत नाही. आमच्यात औट की नॉट औट ही भांडणं अर्धी मराठीत अर्धी कन्नडमध्ये चालतात आणि पोरगं शाळेत शिकलं नाही एवढं कन्नड तिथं शिकलं.

आता अवघड भाग. तुम्ही बाजूला व्हा. मी चार दिवस मध्येच उभी राहून "हळू, पडशील, आता त्याची पाळी" करत होते, शेवटी एक पोरगी म्हणाली, "काकू, तुम्ही जावा की." गेले, कट्ट्यावर बसले. खरचटलं तर पाण्यानं धुवायचं, बास.

पावसाळ्यात झिमझिम असेल तर खेळू द्या, जुन्या कपड्यांचा एक जोड चिखलासाठीच ठेवा, ही तांबडी माती कशानं निघत नाही. गडगडलं की मात्र लगेच घरात, झाडाखाली पण थांबू नको म्हणून बजावून ठेवा.

दिवाळीत किल्ल्यासाठी हीच टोळी पोतं घेऊन मातीला निघते, तेव्हा घमेलं कुठाय तेवढं सांगा.