शाळकरी खेळाडूंचे ट्रेनर आहात? मग या चुका टाळा

कबड्डी, खो-खो आणि शाळेच्या अॅथलेटिक्सच्या पोरांबरोबर मी बरीच वर्षं काम करतेय. दर सीझनला नवीन ट्रेनर, म्हणजे टीमबरोबर राहून पोरांच्या दुखापती बघणारे, येतात, बहुतेक जण मनापासून काम करणारे असतात, पण चुका मात्र त्याच त्याच. मूळ एकच, पोराला लवकरात लवकर परत मैदानात पाठवणं म्हणजे आपलं काम असं डोक्यात बसलेलं असतं. त्यासाठी कोच आहेत, गॅलरीत ओरडणारे पालक आहेत, आणि पोरगं स्वतः तर लंगडत पण आत जायला तयारच असतं. "आज नाही, बस" असं म्हणणारं मैदानावर बहुतेक वेळा आपल्याशिवाय कुणीच नसतं.

डोक्याला मार लागला की तोंडावर पाणी मारून आत पाठवणे

ही चूक बघितली की माझा संताप होतो, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते.

एका शालेय कबड्डी स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या मुलांची मॅच चालू होती. कव्हरचं, म्हणजे बचावातलं, पोरगं रेडरला डॅश (धडक) मारायला गेलं आणि रेडरच्या गुडघ्यावर त्याचं कानशील आदळलं. पडलं नाही, बेशुद्ध नाही, नुसतं वाकून उभं राहिलं. त्यांचा ट्रेनर नवीन होता, त्यानं तोंडावर पाणी मारलं, दोन बोटं दाखवून "किती?" विचारलं, पोरगं "दोन" म्हणालं की झालं, आत. मी दुसऱ्या टीमबरोबर बसले होते. पुढच्या रेडला ते पोरगं भलत्याच बाजूला जाऊन उभं राहिलं आणि शेजारच्याला विचारायला लागलं, हाफटाइम झाला का? हाफटाइम कधीच होऊन गेला होता. मी उठून त्यांच्या सरांकडे गेले, म्हटलं, सर, त्याला बाहेर घ्या. तर म्हणे, "ताई, चार मिनिटं राहिलीत, आणि तो स्वतःच म्हणतोय बरा आहे." मग मी सरळ पंचांना सांगितलं, ते जुने जाणते होते, त्यांनी लगेच खेळ थांबवला. बाहेर बसवल्यावर पोरगं परत परत एकच विचारत होतं, "आपण जिंकलो का?", सांगितलं तरी थोड्या वेळानं पुन्हा तेच, आणि मग उलटी झाली. १०८ बोलावली. दवाखान्यात स्कॅन झाला, आत रक्तस्राव नव्हता, रात्रभर ठेवून घेतलं आणि पोरगं बरं झालं.

पण त्या चार मिनिटांत डोक्याला अजून एक फटका बसला असता तर? पहिल्या मारातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीव जाऊ शकतो. क्वचित होतं, पण अशा केसेस जास्त करून कोवळ्या वयाच्याच खेळाडूंच्या आहेत. एका शालेय मॅचसाठी ही जोखीम घ्यायची?

कन्कशनमध्ये, म्हणजे मार लागून मेंदूला हादरा बसतो त्यात, बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही, हे आधी लक्षात घ्या. बोटं मोजायला लावून काही कळत नाही. मी विचारते, आपण कुठल्या मैदानावर आहोत, कितवा हाफ चाललाय, शेवटचा पॉइंट कुणी घेतला, मागची मॅच कुणाशी झाली. गडबडला तर तो बाहेर. सगळं बरोबर सांगितलं पण डोकं दुखतंय, गरगरतंय, उजेड सहन होत नाहीये, तरी बाहेरच. नुसती शंका आली तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही, आणि यावर मी कुणाशी चर्चा करत बसत नाही. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, जागं ठेवता येत नाहीये, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. काही लक्षणं काही तासांनी येतात, म्हणून घरी एकट्याला पाठवायचं नाही आणि आईवडिलांना स्वतः फोन करून सांगायचं, पोराच्या हाती निरोप द्यायचा नाही कारण ते घरी सांगतच नाही. पुढे एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू चालणं, शाळा, हलकं पळणं, धक्काबुक्की नसलेला सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, त्रास वाढला की एक पायरी मागे. पकडीच्या सरावाला डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही.

"पाय मुरगळलाय, चोळून देतो"

लहान मुलांच्या हाडांच्या टोकाला ग्रोथ प्लेट असते, कूर्चेचा मऊ थर, हाड तिथूनच वाढतं. मोठ्या माणसाचा घोटा वळला की लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, ताणतं. मुलांमध्ये बऱ्याचदा लिगामेंटच जास्त मजबूत असतं आणि मार ग्रोथ प्लेटवर जाऊ शकतो. हे माहीत नसताना पोराच्या पायाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खो-खोची एक मुलगी, बारा-तेरा वर्षांची, खांबाजवळ वळताना पाय वळला. सुट्टीला गावी निघाली होती, तिथे गरम तेलानं चोळणं झालं, विटेचा शेक झाला, पायाळू माणसाकडून पाय लावून घेणं पण झालं, आणि आठवड्यानं सराव शिबिराला आली तर घोटा टम्म. नवीन ट्रेनर टेप काढून तयारच होता, इन्स्टावर बघितलेल्या डिझाइनसारखा. मी म्हटलं थांब, आधी बोटानं दाबून बघू. घोट्याच्या बाहेरच्या हाडावरच, टोकापासून जरा वर, बोट लावलं तर ती ओरडली. मांसावर दुखत नव्हतं, हाडावर दुखत होतं. ऑर्थोपेडिककडे पाठवलं, एक्स-रे नॉर्मल आला आणि घरचे म्हणाले बघा, काही नाही. पण डॉक्टर चांगले होते, त्यांनी समजावलं की ग्रोथ प्लेटची दुखापत कधी कधी एक्स-रेत दिसत नाही, हाडावर दुखतंय म्हणजे तसंच धरून चालायचं, आणि प्लास्टर घातलं.

माझी सवय सांगते. चार पावलं टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड वर आलेलं असतं त्यावर दाबल्यावर दुखतं, तर एक्स-रे. नाहीतर पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज, पाय उंचावर, बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. बर्फानं दुखणं कमी होतं एवढंच, त्यानं बरं होणं लवकर होतं असं समजू नका. चोळणं आणि शेकणं सुरुवातीला अजिबात नाही, घरच्यांना नीट समजावून सांगा, आजीचा अपमान करून नाही.

यातलंच दुसरं म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या खाली आलेलं दुखरं टेंगूळ आणि टाचेचं दुखणं. भराभर उंची वाढताना स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो तिथे ताण येतो. एक टोक म्हणजे "नाटकं करतोय, पळव त्याला", दुसरं टोक म्हणजे सहा महिने खेळ बंद. दोन्ही चूक. उड्या आणि स्प्रिंट कमी करायचे, बाकीचं चालू ठेवायचं. मी दर तीन महिन्यांनी भिंतीवर पेन्सिलनं सगळ्यांची उंची मार्क करते, ज्याची एकदम वाढली त्याच्या उड्या मीच कमी करते, दुखायची वाट बघत नाही.

एप्रिल-मेच्या शिबिरात पाणी तोडणे

"पाण्यानं पोट जड होतं" हे अजून ऐकू येतं. पहिल्याच दिवशी दोन तास उन्हात पळवणं हा शॉर्टकट नाही, गुन्हा आहे. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. आणि उन्हात पळणारं पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या द्यायला लागलं तर सावलीत नेऊन लिंबू-सरबत पाजत बसू नका, तो उष्माघात असू शकतो. एकीकडे १०८ ला फोन आणि त्याच वेळी गार करायला सुरुवात, गाडीची वाट बघत थांबायचं नाही. बर्फाच्या पाण्याचं टब किंवा टाकी असेल तर डोकं धरून त्यात बसवा, नसेल तर अंगावर पाणी ओतत राहा, ओल्या चादरी, वारा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ. म्हणून शिबिराच्या ठिकाणी पोचल्यावर माझं पहिलं काम म्हणजे बर्फ कुठे मिळतो ते बघणं.

बाकीच्या, थोडक्यात

मातीत अनवाणी शिकलेलं पोरगं थेट मॅटवर बूट घालून स्पर्धेला उतरवू नका. मातीत पाय सरकतो, मॅटवर तो धरून राहतो आणि पिळा गुडघ्याला बसतो. आधी काही दिवस मॅटवर नुसतं वळणं-थांबणं करून घ्या.

मॅचआधी पेनकिलर देणं बंद करा. आपल्याकडे शालेय स्पर्धा पावसाळ्यात येतात, तोच डेंग्यूचा सीझन, आणि डेंग्यूत आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलरनं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कुस्तीच्या पोरांचं वजन पाणी तोडून, स्वेटर घालून पळवून उतरवू नका, वरच्या गटात खेळू दे.

मुलींची पाळी बंद झाली तर "ट्रेनिंगमुळे होतं" म्हणून सोडू नका, खाणं कमी पडतंय का बघा आणि डॉक्टरकडे पाठवा.

बंद खोलीत एकट्या मुलाला किंवा मुलीला तपासायचं नाही. दार उघडं, दुसरं मोठं माणूस समोर, आणि हात लावण्याआधी विचारायचं.

दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन मान-पाठ मोडून देणाऱ्यांनी हे काम करू नये.

आणि वही ठेवा. नाव, वेळ, काय लागलं, काय केलं, घरी कुणाला फोन केला. व्हॉट्सॅपवर नाही, कागदाच्या वहीत, मागच्या पानांवर सगळ्यांच्या घरचे दोन-दोन नंबर, दमा-फिट्स-अॅलर्जी कुणाला आहे ते. टीम सोडलीत तर वही पुढच्या ट्रेनरच्या हातात द्या, घरी नेऊ नका.